क्लचवरचा पाय

जुनी मोटार बघायला लोक मला घेऊन जात, तेव्हा मी आधी कोणालाच बोलू देत नसे. विकणारा गुण गातो, घेणारा रंगावर भुलतो आणि नंतरच्या शिव्या मला खाव्या लागतात. वरून कीर्तन, आतून तमाशा अशा गाड्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या. लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक चालवून एवढं शिकलो होतो की गाडी बॉनेट उघडून कळते त्याहून जास्त ड्रायव्हरच्या जागेवर बसून कळते.

साठ सालानंतरची गोष्ट. मुरबाडच्या एका गिरणीवाल्याला मोटारीची भारी हौस. ड्रायव्हर ठेवायचा नाही, स्वतः चालवायची आणि तीही साहेबी थाटाची. शहापुरात एका कंपनीचे मोठे साहेब बदली होऊन निघाले होते. त्यांची काळी विलायती मोटार विकायची होती. ती बघायला गिरणीवाला मला घेऊन गेला.

मी गाडी चालवून पाहिली. शेजारी गिरणीवाला, मागे साहेब. स्टिअरिंगला खेळ नव्हता, गिअर लोण्यासारखे पडत होते, चढावर इंजिन कुरकुरलं नाही की तापलं नाही. गिरणीवाल्याचा चेहरा खुलला. पण मला पायाखाली काहीतरी खुपत होतं. गाडी थांबवून वाकून पाहिलं. क्लचच्या पेडलचं रबर फक्त डाव्या कडेला झिजून आतलं लोखंड दिसत होतं. बाकीचं रबर जसंच्या तसं. सरळ पायाचा माणूस असं झिजवत नाही.

माझ्या थोरल्या भावाचा डावा पाय लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली आला होता. तेव्हापासून तो पाऊल बाहेरच्या कडेवर टेकायचा. पुढे म्हसा गावच्या जत्रेत त्याने एका व्यापाऱ्याचा ट्रक न विचारता फिरवून आणला. बापाने चारचौघांत त्याला चपलेने मारलं आणि तो तिथूनच निघून गेला. बाप वारला तरी तो आला नाही. जिवंत आहे की नाही, हेसुद्धा घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

मी पाय पुन्हा त्या झिजलेल्या कडेवर ठेवला. पाय उचलावासा वाटला, पण उचलवेना.

"साहेब, ही कोण चालवायचं?" मी विचारलं.

"ड्रायव्हर होता एक. पाय जरा वाकडा, पण हात फार चांगला. गेल्या वर्षी नोकरी सोडून गेला. कुठे, ते काही बोलला नाही."

"कुठला व्हता?"

"गावाचं नाव कधी काढलं नाही. मुरबाडला जाताना किन्हवलीच्या अलीकडे एक फाटा आहे ना, मोठ्या चिंचेचा? तिथे मात्र दर खेपेला गाडी थांबवायचा. उतरून थोडा वेळ उभा राहायचा. विचारलं तर म्हणायचा, इंजिन तापलंय."

तो फाटा आमच्या गावचा. तिथून आमच्या घराचं छप्पर दिसतं.

"मग काय, घेऊ ना?" गिरणीवाल्याने विचारलं.

"घ्या. गाडीत खोट नाय," मी म्हणालो. खोटं काय बोलायचं?

सौदा झाला. नव्या मालकाने मुरबाडला जाताना मला फाट्यावर सोडलं. दिवस मावळत होता. रानातून लाकूड वाहून आणणारा माणूस मी, भुताखेतांना हसणारा, पण त्या चिंचेखाली मला उभं राहवेना. कोणीतरी शेजारी उभं राहून घराकडे बघतंय असं वाटत राहिलं. मी भराभर चालू लागलो.

आई चुलीपुढे नाचणीची भाकर भाजत होती. भाऊ गेल्यापासून ती एकच म्हणायची, लय लांब गेला असंल, तिकडून येयाचा म्हंजे टाइम लागंल. त्याच्यावरच ती जगत होती. मी तिला सगळं सांगितलं. तो जिवंत आहे हे ऐकून ती हसेल, अशी माझी आपली समजूत.

"आपल्याच फाट्यावर?" तिने विचारलं.

"हा."

तिने भाकर उलटली.

"लांब असता त बरा व्हता रे," ती म्हणाली.