फुलाबाईचा गेरू

पळसदेवच्या फुलाबाईनं सगळा जन्म वाटेनं जाणाऱ्याला घरात ओढून चहा पाजण्यात घालवला. तीच बाई आता उंबऱ्यात आडवी बसून आल्यागेल्याला अंगणातूनच वाटेला लावायची.

आत तिची नात होती, छकुली. जन्मापासून पोरीचं रक्त टिकत नव्हतं. सारखं दुसऱ्याचं चढवावं लागे. पुण्याच्या दवाखान्यात तिला बापाच्या, म्हणजे गोकुळच्या मूळपेशी दिल्या. लेकरू घरी आलं, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हिचं अंग अजून रोगाशी लढायला शिकलेलं नाही. साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल.

फुलाबाईनं ते देवाच्या शब्दागत धरलं. सुप्याहून तिचा भाऊ आप्पासाहेब मोसंबी घेऊन आला, त्यालाही तिनं लिंबाखालीच बसवलं. "लांबूनच बघ, दादा. पोरगी काय बैल न्हाय दात मोजायला." भाऊ फुगून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या कमरेला आग सुटली आणि पाण्याचे फोड उठले. नागीण. ही उष्णतेनं उठते, गेरू लावला की बसते, फक्त तिची दोन टोकं कमरेभोवती जुळू द्यायची नाहीत, एवढंच आईकडून ऐकलेलं. तिनं गुपचूप गेरू उगाळून लावला. दुखणं सांगितलं तर सून मोना पडून राहायला लावणार, मग पोरीला कोण राखणार? छकुली तर आजीच्या कडेवर बसल्याशिवाय घास घेत नव्हती.

मोनानं लेकीचा फ्रॉक धुवायला घेतला, तर कडेला तांबडा डाग. तिला रक्तच वाटलं. पोरीचं अंग तपासलं, जखम कुठंच नव्हती. मग तिनं सासूकडं पाहिलं.

"आत्या, पदर बाजूला घ्या."

"नागीण हाय. उष्णतेची. तिचं काय एवढं?"

गोकुळनं पुण्याला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नागीण आणि कांजिण्या यांचा विषाणू एकच. फोडांचं पाणी लागलं असेल तर पोरीला धोका आहे, लगेच निघा, खपल्या पडून जाईपर्यंत आजीला जवळ येऊ देऊ नका. फुलाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं सख्ख्या भावाला उन्हातानात परत धाडलं होतं.

गाडी निघताना छकुलीनं आजीकडं हात पसरले. फुलाबाईनं आपले हात पाठीमागं घेतले.

मग ती शेतातल्या मोटारीच्या खोलीत जाऊन राहिली. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या गिळायची आणि फोनकडं बघत बसायची. पोरीच्या अंगावर बरेच दिवस काही उठलं नाही. मग एका सकाळी गोकुळ पुण्याहून फोनवर म्हणाला, "पाठीवर दोन फोड दिसत्यात. ताप हाय." सलाईनमधून औषध चालू होतं. फुलाबाईनं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही.

ताप हळूहळू उतरला. फोड तेवढ्यावरच थांबले.

छकुलीला घेऊन गाडी दारात आली तेव्हा फुलाबाई लिंबाखाली उभी होती, भावाला बसवलं होतं तिथंच. मोना उंबऱ्यात येऊन म्हणाली, "या की आत, आत्या."

फुलाबाई जागची हलली नाही. भर अंगणात तिनं पदर बाजूला घेतला आणि खपल्या पडून गेलेली कमर उजेडाकडं केली.

"आधी नीट बघ. मग बोलव."