रिपोर्ट आणल्याशिवाय मैदानात यायचं नाही

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपून आठवडा झाला होता. मी पवनीला घरी होते. दुपारची जेवणं आटोपून ताईच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचा ग्रुप होता. त्यावर कुणी काही लिहिलं नव्हतं. फक्त आमचे कोच, म्हणजे सर, ग्रुपमधून बाहेर पडले होते.

सर दोन वर्षं आम्हाला शिकवत होते. ते कॉलेजात कायम नव्हते, दर वर्षी नव्याने नेमणूक व्हायची. कोर्टच्या पुसलेल्या रेषा ते स्वतः चुन्याने ओढायचे आणि कडेला उभे राहून ओरडायचे, "पाय हलव ना बाप्पा, हातानं कायले खेळून राहिली!" मला ते फार आवडायचे. कारण ते काही विचारत नसत. कोण कुठून आलं, घरी काय आहे, काल का आली नाहीस, काही नाही. आलीस, तर पळ.

पुढचे काही दिवस रोज नवी बातमी. सर नागपूरच्या कुठल्याशा अकादमीत गेले. मुलींची टीम बंद होणार. बंद नाही होणार, पण नवीन पोरी घेणार. मग एक मॅडम येणार असं पक्कं कळलं. विद्यापीठाकडून खेळलेल्या, फार कडक. ट्रायल घेणार, जुन्यांचीसुद्धा. ग्रुपवर सगळ्या हसण्याची चिन्हं टाकत होत्या. मी मात्र फोन उलटा करून ठेवायचे आणि पुन्हा उचलायचे. टीम गेली तर माझ्याकडे काय राहील, हे मला माहीत होतं. घरात मी आजारी बहिणीची धडधाकट बहीण होते. पाणी दे, उशी दे, हळू बोल. कोर्टवर मला माझं स्वतःचं अंग होतं.

मॅडमचा पहिला मेसेज आला तो असा: 'सोमवारपासून सकाळी सात ते नऊ कॅम्प. प्रत्येकीने सिकलसेलची तपासणी करून रिपोर्ट आणायचा. तीन दिवसांची मुदत. त्यानंतर रिपोर्ट आणल्याशिवाय मैदानात यायचं नाही.'

सगळ्यांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. मीही टाकलं. मग माझे हात गार पडले. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, कूलर नुसती गरम हवा फेकत होता, आणि माझ्या हाताची बोटं गार.

आमच्या भागात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांत अडकतात. मग हाडं आतून ठणकतात, माणूस गुरासारखं ओरडतं. आईबापाकडून येणारा आजार. दोघांकडूनही आला तर माणूस रुग्ण, त्याला लाल कार्ड. एकाकडूनच आला तर वाहक, त्याला पिवळं कार्ड. वाहकाला सहसा त्रास होत नाही, पण त्याच्याकडून आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो. ताईला नववीत लाल कार्ड मिळालं. शाळेत पहिली येणारी मुलगी. त्यानंतर दर दोनतीन महिन्यांनी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली.

तेव्हा डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, धाकटीचंही रक्त तपासून घ्या. आईने घेतलं नाही. मी धावत होते, झाडावर चढत होते, मला काय होणार? पण ताईला आहे म्हणजे आईबाबा दोघांच्याही रक्तात आहे, एवढा हिशोब मला अकरावीत कळला होता. तेव्हापासून मी तो कुणाजवळ बोलले नव्हते. सराव झाला की माझ्या नडग्या दुखायच्या. सगळ्याच पोरींच्या दुखायच्या. दुखल्या की त्या हसायच्या. मी बाथरूमची कडी लावून नडग्या दाबून बघायचे, दुखणं हाडात आहे की मांसात.

त्या दिवशी संध्याकाळी मी आईला मेसेज वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

"बॉल खेळाले रक्त कायले लागते?" ती म्हणाली.

"नियम आहे आई. सगळ्यांना आणायचा आहे."

"मंग नको खेळू. शिकाले पाठवलं तुले, पळाले नाही."

"आई, कधी ना कधी करावीच लागेल ना तपासणी?"

तिने सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, उलट इतका उतरला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "एका घरात दोन लाल कार्डं सांभाळाची ताकद नाही मले. माहीत नाही तवरिक तू चांगली आहेस. तेवढं तरी राहू दे."

बाबा पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसले होते. आमचं दुकान तेच. मशीन थांबलं, पण ते आत आले नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं.

सोमवारी मी पहाटेच्या एसटीने भंडाऱ्याला गेले. रिपोर्टचं विचारलं की दवाखान्यात गर्दी होती असं सांगायचं, असं ठरवलं होतं. मॅडम उंच, सावळ्या, केस अगदी बारीक कापलेले. ओरडत नव्हत्या. त्या नुसत्या बघत होत्या आणि वहीत लिहीत होत्या. तेच मला जास्त भीतीचं वाटलं. पहिल्या दिवशी मी इतकी जपून पळाले की लाज वाटली. श्वास लागला की छातीवर हात जायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंतचं कोर्ट मला आधी कधी लांब वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सराव झाल्यावर मी बसस्टँडवरून सरांना फोन केला. तिकडे तुमच्याकडे मला घेता का, असं विचारायचं होतं. त्यांनी लगेच ओळखलं, खूश झाले. मी रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं, ताईचं, रिपोर्टचं, आईचं.



"मले अंदाज होता," ते म्हणाले. "तुझी बहीण आजारी असते, हे तुझ्यासंगच्या पोरीनं मले सांगतलं होतं. मागच्या वर्षी मॅचमंदी तू बसून गेली होती ना, पाय धरून? तवाच मले विचाराचं होतं."

"मग काहून नाही विचारलं?"

"भेव वाटला, पोरी. विचारलं असतं अन् काही निंगालं असतं, तं तुले बसवा लागलं असतं. आठच तं पोरी होत्या आपल्याजवळ. टीम कुठून आणली असती मी?" मग म्हणाले, "मॅडम बरोबर करून राहिली. जा, रक्त दे."

मी फोन ठेवला. स्टँडवर पवनीची गाडी लागली होती, लोक खिडकीतून दुपट्टे टाकून जागा धरत होते. मी उभीच राहिले. दोन वर्षं ज्याला मी मोकळेपणा समजत होते, तो सरांचा मोकळेपणा नव्हता. आमच्या घरात जी भीती होती, तीच त्यांनाही होती. मला अंग एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी मॅडमनी मला कोर्टबाहेरच्या पायरीवर बसवलं. बाकी सगळ्या पळत होत्या. मध्येच त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"घरी कोणाला आहे?" त्यांनी विचारलं. अगदी सरळ.

"बहिणीला."

त्यांनी मान हलवली. "मी आधी जिथे होते तिथे एक मुलगी उन्हात पळता पळता पडली. आम्ही समजलो, चक्कर आली. तिला सिकलसेल आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. तिलाही नाही." पुढे काय झालं ते त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. "तुला काढून टाकायला नाही मागत रिपोर्ट. तुला किती पळवायचं ते कळायला मागते. एकटी जाऊ नकोस मात्र."

ताई माझ्याबरोबर आली. आईला तिनेच सांगितलं, मी बाहेर चपला घालत होते तेव्हा. "मी रोज भेतो, तुम्ही सगळे मिळून तिलेही भेवाडून राहिले," एवढंच. उन्हं चढायच्या आत आम्ही सरकारी दवाखान्यात पोहोचलो. ताईला तिथले सगळे ओळखत होते. "आज काय झालं व?" प्रयोगशाळेतल्या बाईंनी तिला विचारलं.

"आज मी नाही. ही," ताई म्हणाली.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या आणि त्यांचा चेहरा थोडा बदलला. तो बदल मला अजून दिसतो.

बोटाला टोचलं. रक्ताचा थेंब एका छोट्या नळीतल्या पाण्यासारख्या औषधात मिसळला. ही पद्धत मला ताईने रस्त्यातच सांगून ठेवली होती. थोडा वेळ थांबायचं, मग नळीच्या मागे रेघा छापलेला कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर काही नाही. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर आहे. वाहक आहे की रुग्ण, ते या नळीत कळत नाही. त्यासाठी रक्त भंडाऱ्याला जातं.

मी नळीकडे बघत होते. ताईने माझं मनगट धरलं होतं, तिच्या बोटांची हाडं लागत होती. बाईंनी कागद मागे धरला.

रेघा दिसल्या नाहीत.

मी जागा बदलून बघितलं. खिडकीच्या उजेडाकडे वळून बघितलं. नळीत ताकासारखं गढूळ पाणी होतं, बस्स. बाईंनी दुसरी सुई काढली आणि दंडाला रबर बांधलं. "आठ दिवस लागतील," त्या म्हणाल्या.

ते आठ दिवस मी कसे काढले, सांगता येत नाही. कॅम्पला गेले नाही. भूक नव्हती. जिना चढले की मनात श्वास मोजायचे. आरशात खालची पापणी ओढून डोळे बघायचे, पिवळे झाले का. नडग्या दुखत होत्या, आणि मी तर पळतही नव्हते. ताईसारखं भिंतीकडे तोंड करून झोपले तर कसं वाटतं, हेही एकदा करून बघितलं आणि घाबरून उठून बसले. आई माझ्याशी बोलत नव्हती, पण जेवताना माझ्या ताटात तूप जास्त पडत होतं. एका दुपारी बाबा मशीनवरून उठून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चूक आमची आहे. तवाच तपासाले पायजे होतं." इतकं बोलून परत गेले. मला धीर येण्याऐवजी आणखी भीती वाटली. बाबांनी आधीच मान्य करून टाकलंय असं वाटलं.

रिपोर्ट आणायला आम्ही दोघीच गेलो. कागद ताईने घेतला. तिला वाचता येत होतं त्यातलं, इतक्या वर्षांत शिकली होती. तिने वाचला, घडी घातली, परत उघडला.

"पिवळं," ती म्हणाली. "वाहक आहेस तू. फक्त वाहक."

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात जोरात रडले. हसलेही. ताईला मिठी मारली. तीही हसली, माझी पाठ थोपटली. मग मला जाणवलं की मी कशाबद्दल आनंदले आहे. मी तिच्यासारखी नाही, याबद्दल. तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून. मी एकदम बाजूला झाले.

"असं नको करू," ती म्हणाली. "खूश हो. मलेही आनंदच झाला." मग म्हणाली, "थोडा रागही आला. पण आनंद जास्त आहे." परतताना ती रिक्षात डोळे मिटून बसली. तिला ऊन लागलं होतं. रात्रीपासून तिचे पाय दुखायला लागले आणि पुढचे पाच दिवस ती अंथरुणातच होती. माझ्यासाठी उन्हात आली म्हणून, असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. ती नाही म्हणते.

आईने रिपोर्ट हातात घेतला नाही. "पिवळं ना?" एवढंच तीनदा विचारलं. मग चुलीपुढे बसून पदराने तोंड झाकून घेतलं. इतक्या वर्षांत तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मॅडमनी कागद वाचला, वहीत लिहिलं आणि मला नियम सांगितले. पाणी सतत. उन्हात एकामागून एक धावण्याच्या फेऱ्या नाहीत. पाय जड वाटले, श्वास पुरेनासा झाला, तर हात वर करायचा आणि थांबायचं. "दुखणं लपवलंस तर त्याच दिवशी टीमच्या बाहेर," त्या म्हणाल्या. टीममधल्या आणखी एका मुलीचं कार्डही पिवळं निघालं होतं. तिच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली.

जुलैत कॉलेज सुरू झालं. ट्रायलमध्ये माझी निवड झाली, पहिल्या पाचांत मात्र नाही. एका सकाळी सरावाआधी पाऊस पडून गेला होता, हवा दमट आणि जड होती. चौथ्या फेरीला माझ्या मांड्या दगडासारख्या झाल्या. सगळ्या पुढे निघून गेल्या. मला वाटलं, आता हात वर केला तर सगळ्या बघतील, आणि नाही केला तर काय होईल ते मला माहीत नाही.

मी हात वर केला. मॅडमनी घड्याळ बघितलं, मान हलवली. कुणीच वळून बघितलं नाही. मी कडेला बसून घोटाघोटाने बाटली संपवली आणि छातीतली धडधड कमी होण्याची वाट बघत राहिले. ती कमी व्हायला बराच वेळ लागला.