दोन सीटांची गाडी

आक्का शाळेची व्हॅन चालवायची, त्यामुळे घरात कुणीही गाडी घेतली की तिला नावं ठेवायचा पहिला मान आक्काचा. धाकट्या भावाने स्वस्तात मिळाली म्हणून उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार आणली आणि रोजच्या वापराला कशी आहे ते बघायला आक्कालाच शेजारी बसवलं. बसवलं कसलं, ती आत पडलीच.

"गाडी आहे की बाथटब?" ती म्हणाली. डिकी तिने आधीच तपासली होती. टप दुमडून ठेवला की डिकी भरली. म्हणजे आकाश बघायचं असेल तर बटाटे दुकानातच ठेवायचे! भाऊ मात्र गॉगल लावून, पोट आत ओढून, रस्ता बापाचा असल्यासारखा बसला होता. बाप दोघांचा एकच, आणि त्या बापाने जन्मभर सायकल चालवली.

पहिल्याच सिग्नलला शेजारच्या बसने दोघांच्या तोंडावर धूर सोडला.

"घे, खा मोकळी हवा," आक्का खोकत म्हणाली. "पन्नाशीत ही थेरं! अरे, चार माणसांना नेते ती गाडी. हा नुसता मिरवायचा डबा. रोज कोण बसणार तुझ्या शेजारी?"

"कोणी नाही," भाऊ म्हणाला. "पण आक्का, तुझ्या व्हॅनला बारा सीटा आहेत. पोरं उतरली की घरी येताना त्यात कोण असतं गं?"

आक्काने विस्कटलेले केस उगाचच सारखे केले.

"सिग्नल सुटला, चल," ती खेकसली.

सिग्नल अजून लालच होता.