अयोध्याबाईंचा पहिला तास

धाकट्या लेकीचं लग्न उरकलं आणि माकणीच्या अयोध्याबाईंनी एम.ए.चा अर्ज भरला. सेवा केंद्रातल्या पोरानं विचारलं, "मुलीचं नाव सांगा." त्यांनी स्वतःचं सांगितलं, तेव्हा तो दोनदा "नक्की?" म्हणाला. पुढं यादीत नाव लागलं आणि पहिल्या दिवशी त्या एसटीनं धाराशिवला विद्यापीठाच्या उपकेंद्रात पोचल्या.

वर्गात पाय ठेवला तोच सगळी पोरं उभी राहिली. "गुड मॉर्निंग, मॅडम!"

अयोध्याबाई गांगरल्या. पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, "बसा की बाबांनो, म्या बी शिकायलाच आलेय." पोरं हसली. अर्पिता नावाच्या मुलीनं सरकून जागा दिली.

तेवढ्यात सर आले. जावयाच्या वयाचे असतील. अदबीनं म्हणाले, "मावशी, पालकांनी खालच्या मजल्यावर बसायचं."

मास्तरांचा शब्द मोडायचा कसा? कुणी काही बोलायच्या आत अयोध्याबाई मुकाट खाली गेल्या आणि बाकावरच्या आईबापांत बसल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमचं कोण आहे शिकायला?"

"म्याच," त्या म्हणाल्या. मग आपण इथं का बसलोय, हे त्यांचं त्यांनाच उमगेना.

तास संपल्यावर अर्पिता शोधत आली. "मावशी, सरांना सांगितलं म्या. लई ओशाळले ते. चला, पुढचा तास दुसऱ्या इमारतीत हाय."

"कुठल्या गं?"

अर्पिता थबकली. "ते मला बी न्हाय माहीत."

"मग विचारत जाऊ," अयोध्याबाई म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना जरा हायसं वाटलं.