खव्याची जर्मन गोष्ट

मी पत्रकं लिहिते. एसटीची फेरी बंद झाली, पत्रक. आरोग्य उपकेंद्राला कुलूप लागलं, पत्रक. माझ्या पत्रकात भजी बांधून दिली नाहीत असा भजीचा एकही गाडा भूममध्ये नसेल. ही तक्रार नाही. तेल लागलेलं का होईना, कुणीतरी वाचतं.

पण सांगायचंय ते जर्मनच्या वर्गाचं. पुण्यात शिकताना मी तीन वर्षं जर्मन केलं होतं. परत आले तेव्हा इकडच्या नर्सिंग झालेल्या पोरींना जर्मनीतल्या दवाखान्यांत नोकऱ्या मिळू लागल्या होत्या. अट एकच, भाषा यायला हवी. शिकवायला कोण? तर एक ऑनलाइन क्लास, तोही नेटच्या मर्जीवर. मला राग आला. राग आला की मी काहीतरी सुरू करते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी पाच जणींना घेऊन बसायला लागले.

पुस्तक बघितलं आणि राग वाढला. पहिला धडा, विमानतळावर बॅग हरवली. दुसरा धडा, बर्फातली सुट्टी. तिसरा धडा, हॉटेलातलं सूप गार आहे, तक्रार करा. जिला घरात सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर उरलेलं गार खायची सवय आहे, तिनं सुपाची तक्रार कुठल्या तोंडानं करायची? कुणी लिहिली ही पुस्तकं? कुणासाठी?

पाच जणींतली एक खव्याच्या भट्टीवाल्याची मुलगी होती. भूमपासून जीपनं अर्ध्या तासावर तिचं गाव. इथं एका खासगी दवाखान्यात नर्स होती. परीक्षेचे चार भाग असतात. वाचणं, लिहिणं, ऐकणं ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि बोलण्यात नापास. विषय तिनं घोटून पाठ केला होता. मधेच परीक्षकानं प्रश्न विचारला, तर हिनं पहिल्या वाक्यापासून परत सुरू केलं. त्यानं पुन्हा विचारलं. हिनं पुन्हा पहिल्यापासून. शाळेत आम्हा सगळ्यांना हेच तर शिकवलं होतं, अडलं की मागं जा आणि सुरुवातीपासून म्हण. आता दोन महिन्यांनी शेवटची संधी. त्यातही बोलणं राहिलं तर जर्मनीला जाणाऱ्या तुकडीतून नाव जाणार, आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झालीच होती.

त्याच सुमारास मी एका पद्धतीबद्दल वाचलं. शिकणाऱ्यानं आपल्याच जगण्यातली गोष्ट घ्यायची, मोबाइलवर आपले फोटो काढायचे, त्यावर परक्या भाषेत आपला आवाज चढवायचा. दोन-तीन मिनिटांची डिजिटल गोष्ट. मी उडालेच. विमानतळ नको, बर्फ नको! माझ्या पुण्याच्या मॅडमच्या ओळखीनं जर्मनीतल्या एक निवृत्त शिक्षिका रविवारी व्हिडिओवर या गोष्टी ऐकायला तयार झाल्या. पोरी त्यांना आजी म्हणायच्या.

भट्टीवाल्याची मुलगी म्हणाली, "ताई, मी आमच्या भट्टीचं सांगते."

"खव्याचं? अगं, गावाला सकाळची एसटी नाही, उपकेंद्राला कुलूप, ते सांग की!"

"ते तुम्ही सांगताच की रोज."

"म्हणून तर म्हणते."

आणि मी लिहून दिलं. आमची कामाची रीतच तशी आहे. माणूस गाऱ्हाणं घेऊन येतो, आम्ही निवेदन लिहितो, तो खाली सही करतो. मी तिच्याकडून आवाजाची सही घेतली, एवढंच. 'आम्ही किती दिवस सहन करायचं?' हे वाक्य जर्मनमध्ये फारच कडक वाटतं. तिनं कुलपाचा फोटो काढला, मंजुळ आवाजात सगळं रेकॉर्ड केलं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. माझ्याच वाक्यांनी माझ्याच अंगावर. त्यात काही चुकतंय हे तेव्हा कळलं नाही.

रविवारी आजींनी ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "वारूम?" म्हणजे का. कुलूप का आहे? मग कुणी आजारी पडलं तर तुम्ही काय करता?

तिनं पडद्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पहिल्या वाक्यापासून परत सुरू केलं.

व्हिडिओ बंद झाल्यावर मी म्हटलं, "अगं, साधा प्रश्न होता."

"साधाच होता," ती म्हणाली. "पण उत्तर तुम्ही काय ठरवलं होतं ते मला कुठं माहीत?"

बाकीच्या चौघी हसल्या. मला हसू आलं नाही. मी तिला दोषही देऊन टाकला, धीट नाहीस म्हणून. ते आजही मला लागतं.

पुढच्या सुट्टीला तिच्या गावी गेले. कशाला? तर आणखी चांगले फोटो काढायला. माझं अजून पत्रकच चाललं होतं. सकाळी भट्टी पेटलेली, कढईत दूध उकळत होतं आणि तिची आई लांब दांड्याच्या उलथन्यानं ते सारखं ढवळत होती. धुरानं डोळे लाल. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, द्या इकडं, मी हलवते."

"जमंल का? हात थांबू द्यायचा न्हाय."

"जमेल की."

हलवता हलवता मी बोलायला लागले. बाईच्या श्रमाला मोल नाही, धुराचा त्रास कुणी मोजत नाही, निवेदन द्यायला पाहिजे, पन्नास बायांच्या सह्या मी आणते. बोलताना मला एक हात उंच करायची सवय आहे. दुसरा कधी थांबला ते कळलं नाही. वास आला तेव्हा कढईच्या बुडाला तपकिरी थर धरला होता.

"लागला! लागला खवा! अगं हलीव!" मावशी ओरडल्या आणि उलथनं हिसकावून घेतलं. मग बुडाकडं बघून म्हणाल्या, "भाषण लई झ्याक झालं बाई. कढई बी ऐकत बसली."

त्यांची लेक पोट धरून हसत होती. हसता हसता तिनं मोबाइल काढला. करपलेल्या कढईचा फोटो, माझ्या काळवंडलेल्या तोंडाचा फोटो, कमरेवर हात ठेवलेल्या आईचा फोटो. मग कडब्याच्या गंजीमागं गेली, तिथं आवाज कमी म्हणून, आणि कागद न घेता बोलायला लागली. जर्मनमध्ये. माझ्या शिक्षिकेला वाटतं तिला सगळं येतं. आज तिनं आमचा खवा करपवला.

खव्याला जर्मनमध्ये शब्द नाही. ती अडली. मी तोंड उघडलं. मावशींनी तिकडून नुसतं बघितलं आणि मी मिटलं. थोडं थांबून तिनं वाट काढली. दूध विस्तवावर ठेवायचं. हलवत राहायचं. पाणी निघून जातं, दूध थांबतं. चुका होत्या, मोजल्या असत्या तर दोन्ही हातांची बोटं संपली असती. मी मोजल्या नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये मागून मावशींचं "म्हस सुटली गं!" आलं, तेही तिनं ठेवलं.

रविवारी आजींनी पुन्हा 'वारूम'चा पट्टा चालवला. आई का ओरडते? म्हैस सुटली. पकडायला कोण धावलं? शिक्षिका. जमलं का तिला? नाही. आजी चष्मा काढून हसल्या. मग त्यांनी त्यांच्या लहानपणीच्या जॅमच्या करपलेल्या पातेल्याचं सांगितलं, आणि इकडून ही विचारायला लागली, वारूम? तुम्ही किती वर्षांच्या होता? मार बसला का? मी भिंतीला टेकून बसले होते. त्या अर्ध्या तासात माझी गरजच लागली नाही. शिक्षिकेला याहून चांगला रविवार मिळत नाही, हे मला तेव्हा समजलं.

मग पाचही जणींनी आपापलं आणलं. एकीनं बापाच्या शिलाई मशीनचं, एकीनं येडशीच्या स्टेशनात चुकलेल्या गाडीचं. माझा कागद मी घरी ठेवत गेले. सोपं नव्हतं. हात शिवशिवायचा.

परीक्षेनंतर भट्टीवाल्याच्या मुलीचा पुण्याच्या स्टँडवरून फोन आला. मागं गाड्यांचा गलका.

"ताई, त्यांनी मधेच अडवलं."

"मग?"

"मग काय? थांबले, उत्तर दिलं. नंतर मीच विचारलं, तुमच्या घरी स्वयंपाकाला कोण उभं राहतं? सर म्हणाले, मी."

निकाल आला. बोलण्यात पास. काठावर नाही, चांगली पास. मी तिच्याबरोबर गावी गेले. वाटेत जीपमध्ये माझं सुरू झालं. आमच्या उपकेंद्राला कुलूप आणि आमच्या नर्स चालल्या जर्मनीला, याची लाज कुणाला वाटते का? मी यावर लिहिणार आहे.

"लिहा की," ती म्हणाली. "खरंच लिहा. पण तुमचं तुम्ही लिहा. माझं मी सांगेन."

मी लिहिलं. कुलूप अजून आहे, मी अजून लिहितेय. त्या पत्रकात तिच्या तोंडी एकही वाक्य घातलं नाही.

भट्टीवर पोचलो तेव्हा कढई उतरली होती. मावशी खव्याचा गोळा थापत होत्या. लेकीनं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही, फक्त हळू झाला.

"मंजी जाणार तू."

"व्हय."

त्यांनी गोळा उलटा करून दुसऱ्या बाजूनं थापला. मग विचारलं, "कामाला कुटं ठेवतील?"

"म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात, आई."

"मग ते तिकडचं बोल बरं जरा. ऐकू दे."

ती भराभरा बोलली. नाव, गाव, मी तुमची नर्स, तुम्हाला कसं वाटतंय. मावशींनी मान हलवली. "लई घाई करतीस. म्हाताऱ्यांस्नी कमी ऐकू येतं. पुन्ना म्हण."

लेकीनं आईच्याच पदराच्या टोकानं तिच्या कपाळावरची राख पुसली, आणि सावकाश विचारलं, तुम्हाला कसं वाटतंय?