सगळं बंद, तरी मीटर चालू

माझे सासरे निवृत्त झाले आणि आमच्या घरात अंधार पडला. खराखुरा अंधार. एकतीस वर्षं त्यांनी मीटर रीडर म्हणून लोकांच्या जिन्याखालची जळमटं झटकली, आणि आता बघायला एकच मीटर उरला, आमचा. तो दाराबाहेर भिंतीवर. बाबा त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, सुनेनं बाहेर काढलं बिचाऱ्यांना.

मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज जास्त लागली की तो भराभर लुकलुकतो, कमी लागली की सावकाश. घरात कुणी काहीच वापरत नसेल तर त्यानं गप्प बसावं, असं बाबांचं म्हणणं. आमचा काही गप्प बसेना.

झालं! रिमोटनं टीव्ही बंद करणं हा गुन्हा ठरला. "बंद कुठे केलास? नुसते डोळे मिटून पडलाय तो, कान उघडेच आहेत," असं म्हणून बाबा भिंतीवरचं बटण खटकन बंद करायचे. मायक्रोवेव्हचं घड्याळ गेलं, वॉशिंग मशीनचा हिरवा ठिपका गेला. एकदा त्यांनी नुसत्याच लावून ठेवलेल्या चार्जरला हात लावला आणि ओरडले, "गरम लागतोय! कामधंदा काही नाही आणि बसल्या जागी खातोय!" सोफ्यावर बसलेल्या माझ्या नवऱ्यानं मुकाट्यानं हातातली बशी खाली ठेवली.

मग एके दिवशी त्यांनी राउटर बंद केला. नवरा तेव्हा मीटिंगमध्ये होता. साहेबांसमोर पडद्यावर आ वासून तो तसाच थिजला म्हणे. माझं डोकं फिरलं. "बाबा, एकदा मलाही प्लगमधून उपटून ठेवा!"

"तुझा प्रश्न नाही गं," बाबा शांतपणे म्हणाले. "तू स्टँडबायवर कधी नसतेसच. तुझं तोंड कायम चालू."

सांगा, आता अशा माणसावर रागवायचं कसं?

इतकं करूनही मीटर ऐकेना. शेवटी बाबांनी फ्रीजसुद्धा बंद केला, तरी तीन-चार मिनिटांनी तो दिवा एकदा लुकलुकायचाच. बाबांचं जेवणावरून लक्ष उडालं. मी आपली गमतीत म्हणाले, "मीटरच बिघडलाय तुमचा. खोटं बोलतोय." तसा त्यांचा चेहरा खर्रकन उतरला आणि ते उठून बाहेर गेले. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"जिभेला हाड आहे का तुझ्या? वन्सं का येत नाहीत आपल्याकडे, ठाऊक आहे ना?"

मला कुठलं ठाऊक असणार? माझ्या लग्नाआधीची गोष्ट. वन्सं म्हणजे बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्या, दोन गल्ल्या पलीकडे शिवणकाम करते. सात वर्षांपूर्वी बाबा तिच्याकडे मीटर बघायला गेले, तर ती म्हणाली, "दादा, सगळं बंद करून बघितलं, तरी हा दिवा लुकलुकतो." दुकानात गिऱ्हाइकं बसलेली. बाबा हसले आणि म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलते?" आत्यानं विचारलं.

 बाबांनी वहीत आकडा लिहिला आणि ते बाहेर पडले. तेव्हापासून भाऊ-बहिणीचं बोलणं बंद. आकडा बघायला तिच्या गल्लीत त्यांनी दुसऱ्याला पाठवलं.

हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी सकाळी मी स्वतःच पदर खोचला. घरातलं एकूण एक बटण बंद केलं, प्लग काढले, मोबाईलवर वेळ लावून बाबांशेजारी दारात बसले. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी दिवा लुकलुकला. आणि तेवढ्याच वेळानं पुन्हा.

 बाबा हळूच म्हणाले, "तू खोटं बोलत नाहीयेस. मीही नाही. मीटरही नाही. मग तीच तेवढी खोटं बोलत होती, असं कसं होईल?"

तेवढ्यात सासूबाई भाजी घेऊन आल्या. आम्ही दोघं दार अडवून बसलेले. त्यांनी दोनदा खाकरून पाहिलं, आम्ही जागचे हललो नाही. तेव्हा त्यांनी रागानं आमच्या डोक्यावरचं बेलचं बटण दाबलं.

टिंग टाँग!

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. घरातलं सगळं बंद, मग ही बया वाजली कशावर? बाबा टुणकन स्टुलावर चढले. दाराच्या वर बेलचा छोटा ट्रान्सफॉर्मर होता, त्याची वायर थेट मीटरकडून आलेली, मध्ये बंद करायचं बटण नाही की काही नाही. त्यांनी त्याला हात लावला. कोमट! म्हणजे बेल वाजो न वाजो, तो चोवीस तास वीज खात होता.

"चपला घाल," ते मला म्हणाले. स्वतः मात्र घरातल्याच सपाता घालून निघाले.

आत्याचं दार गिऱ्हाइकांसाठी सताड उघडं होतं. दोन बायका पँटची उंची कमी करून घ्यायला बसल्या होत्या. आत्याच्या तोंडात टाचण्या. बाबा थेट आत गेले, खुर्ची ओढून तिच्यावर चढले, दाराच्या वरच्या तशाच ट्रान्सफॉर्मरला हात लावला आणि तिथूनच बोलले.

"छोटे, हे बघ, ही बेल वीज खात होती. तू खरं बोलत होतीस. सगळ्यांसमोर तुला खोटं पाडलं होतं, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. मी चुकलो."

आत्यानं एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचली. "माहितीये मला. त्याच आठवड्यात वायरमननं शोधून दिलं. काढून टाकू का, म्हणाला."

"मग?"

"नको म्हटलं."

"अगं पण का?"

"तू काय दार ठोठावणार होतास? जन्मभर लोकांच्या बेला दाबत आलास. कधी आलास आणि नेमकी ती वाजली नाही, तर तसाच परत फिरशील, ही भीती होती मला."

बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. माझ्याही. त्या दोन बायकांपैकी एक तर काही माहीत नसताना रडायला लागली. बाबा खुर्चीवरून उतरले, बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि बेल दाबली.

"कोण आहे?" आत्या आतून ओरडली.

"मीटर!"

"थांबा, हातात काम आहे!" असं म्हणून ती खुशाल मशीनवर बसली आणि एका हातानं डोळे पुसत तिनं शिवायला घेतलं. मी दार उघडायला उठले, तशी तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस गं गप! मी सात वर्षं थांबले. त्याला एक शिवण होईपर्यंत थांबू दे."