अक्काची कॉइल

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. लातुरात कोचिंग क्लासच्या गल्लीत माझं कार ऑडिओचं दुकान आहे. मीटर दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा... असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय.

माझी थोरली बहीण, अक्का, जळालेल्या स्पीकरच्या कॉइल हाताने गुंडाळायची. गावात आमचं लहानसं दुरुस्तीचं दुकान होतं. केसाएवढी तांब्याची तार, पण तिचा एक वेढा कधी चुकला नाही. चार ओहमचा स्पीकर चारचाच राहायचा. झालं की ती काट्याचा मीटर जोडून स्पीकरच्या कागदी पडद्यावर टिचक्या मारायची. दोन... थांबून एक. पडद्याबरोबर कॉइल हलून किंचित वीज निघायची, दरवेळी काटा उजवीकडे उडायचा आणि ती म्हणायची, "जित्ता हाय रे!"

भूकंपात घर तिच्यावर पडलं. मी लातूरला होतो, सकाळी पोचलो. दगडमातीच्या ढिगाला कान लावला. आवाजाचा धंदा करणारा मी, मला काही ऐकू आलं नाही. शेजारच्या ढिगातून कुणीतरी कण्हत होतं, तिकडं धावलो. अक्का दुसऱ्या दिवशी सापडली. ती आतून काही वाजवत होती का... हा प्रश्न तेव्हापासून मला खातोय.

तिच्या हातचा एकच स्पीकर उरला, मी आधीच लातूरला आणलेला. तिचा आवाज कुठंही रेकॉर्ड केलेला नाही. म्हणून गेल्या वर्षी जुनी गाडी घेतली तेव्हा ठरवलं, पहिलं गाणं अक्काच्या कॉइलमधून ऐकायचं.

अॅम्प, म्हणजे अॅम्प्लिफायर, निवडायला पंधरा दिवस लावले. स्पीकरचे ओहम अॅम्पला झेपणार नाहीत इतके कमी असले तर तो तापून बंद पडतो. वॉट जास्त झाले तर कॉइल जळते, आणि लहान अॅम्प फुल सोडला तर आवाज फाटून तरी जळतेच — उथळ पाण्याला खळखळाट फार! ही जळली तर पुन्हा गुंडाळणारी कुठून आणू?

शेवटी चार ओहमला साठ वॉट देणारा अॅम्प मिळाला. त्या दुपारी नांदेडचे एक फिजिक्सचे सर आपल्या गाडीसाठी दुकानात बसले होते. दोन सबवूफर समांतर जोडून, म्हणजे ओहम निम्मे करून, त्यांनी स्वतःच अॅम्प बंद पाडला होता... वर्गात ओहमचा नियम शिकवणारा माणूस! मी अक्काचा स्पीकर टेबलावर चुंबक खाली, पडदा वर असा ठेवला, मीटर जोडला आणि वायर काढायला वळलो.

"उस्ताद, तुमचा काटा हलून राहिला."

"ट्रक गेला असेल, सर."

"न्हाई हो. दोनदा हलला, मग एकदा. अन् उलटा का जाऊन राहिला?"

मी वळलो. माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा हलला. दोन... थांबून एक. डावीकडे, शून्याच्याही मागे. स्पीकरला कुणाचा हात नव्हता.

"वरून टिचकी मारली की उजवीकडं जातो, सर," मी म्हणालो. "डावीकडं... आतून ढकललं तरच."

मी पडद्यावर टिचक्या मारल्या. दोन, एक. "अक्का, ऐकू आलं गं," एवढंच बोलता आलं. सरांसमोर ढसाढसा रडलो.

नंतर सरांनी टेबल हलवलं, पंखा लावला, रस्त्यावरून ट्रक जाईपर्यंत थांबले. काटा कसाबसा थरथरला, पण दोन-एक काही नाही. अजूनही ते फोन करून नवनवी कारणं सुचवतात. एकही पटत नाही, त्यांनाही नाही.

मला उलगडा नकोच आहे. तो काटा फक्त एकदा परत हलावा. अॅम्प अजून खोक्यात आहे, गाडीत गाणं नाही. रोज दुकान उघडलं की आधी मीटर जोडतो, दोन-एक टिचक्या मारतो आणि वाट बघतो. काटा शून्यावरच असतो. पण एकदा मी कान लावून उठून गेलो होतो... आता जाणार नाही.